मोगलीचे दोन जामीनदार

गेली बावीस वर्षं मी बँकेच्या काउंटरवर बसून समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारत आलो आहे : "जामीनदार कोण?" हा प्रश्न कानावर पडल्याबरोबर माणसाचा चेहरा कसा होतो, ते बघण्यासारखं असतं. मघापर्यंत अर्धं नागपूर ज्याला 'भाऊ' म्हणत होतं, तो एकदम पोरका होतो. मोबाइल काढतो, नावं खालीवर करतो आणि शेवटी विचारतो, "साहेब, वडील चालतील का?" मी म्हणतो, "वडील सहकर्जदार आहेतच की तुमचे. बाहेरचे पाहिजेत. दोन." तो उठतो. गेलेल्यांतले निम्मे परत येतच नाहीत.

कसली ओळख नाही, पाळख नाही, आणि एका रात्रीत दोन भक्कम जामीनदार उभे राहिले, असं माझ्या माहितीत एकच प्रकरण आहे. ते नागपूरपासून सव्वाशे किलोमीटरवर, शिवनीच्या डोंगरात मंजूर झालं. अर्जदार : मोगली. वय : नुकताच चालायला लागलेला. पत्ता : लांडग्याची गुहा. अंगावर कपडा नाही, तेव्हा खिशात कागदपत्र असण्याचा प्रश्नच नाही.

ही जुनी फाइल मला परवा पुन्हा उघडावी लागली ती आमच्या कन्येमुळे. बाई बारावी झाल्या आणि पुण्याच्या एका कॉलेजात नंबर लागला. निघायच्या आदल्या रात्री दोन बॅगा, एक बादली, लोणच्याच्या तीन बरण्या आणि आईच्या सत्तर सूचना असं सगळं भरून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, जंगल बुक लावा ना. जुनं. कार्टूनवालं."

मी चकित झालो. हा वॉल्ट डिस्नेचा सिनेमा १९६७ सालचा. म्हणजे तिच्या बापापेक्षाही वयानं मोठा. हातातल्या फोनमध्ये जगातले सगळे सिनेमे मावत असताना या पोरीला आजच्या रात्री हाच का हवा? आणि ही एकटीच नव्हे. जर्मनीसारख्या शिस्तीच्या देशात आजवर सर्वांत जास्त तिकिटं खपलेल्या सिनेमांत याचं नाव अगदी वरती आहे. आकडा अडीच कोटींच्या पुढचा. जर्मन माणसाला आमच्या शिवनीच्या अस्वलाचं एवढं काय पडलं असेल?

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी कॉमर्सचा. आमच्याकडे इतिहास म्हणजे मागच्या वर्षाचा ताळेबंद. पण खातं जुनं असलं की मागचे सगळे व्यवहार तपासावेच लागतात, तसे ते मी तपासले. तेच आता तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली बाब रहिवासी दाखल्याची. मोगली नागपूरचाच, हे मी कोणत्याही कचेरीत सिद्ध करून देईन. शिवनी १८१८ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात होतं. पुढं १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत केला, त्याची राजधानी नागपूर आणि शिवनी त्यातला एक जिल्हा. पुस्तक आलं १८९४ साली. म्हणजे शेर खानाविरुद्ध वरपर्यंत तक्रार न्यायची म्हटली असती, तर मोगलीला नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्येच यावं लागलं असतं आणि 'साहेब दौऱ्यावर आहेत' हे ऐकून परत जावं लागलं असतं. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली. शिवनी मध्य प्रदेशात राहिलं, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि १९६० साली महाराष्ट्रात आलं. कागदोपत्री मोगली परप्रांतीय झाला.

पण पाण्याला कागद कळत नाही. मोगलीच्या गोष्टीत जी नदी पुन्हा पुन्हा येते ती आपली वैनगंगा. शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटपर्यंत हिंदी बोलते आणि मग भंडाऱ्याला येऊन चक्क मराठीत वाहू लागते. तिकडच्याच जंगलातून पेंच नदी येते. नागपूरच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं या पेंचचं. तेव्हा वाचकहो, तुम्ही धरमपेठेत राहा की महालात, रोज सकाळी मोगलीच्या जंगलातलं पाणी पिऊनच कामाला लागता. आता ते नळाला कधी येतं आणि किती वेळ येतं, हा जंगलाच्या नव्हे, शहराच्या कायद्याचा भाग झाला.

दुसरी बाब लेखकाची. रुडयार्ड किपलिंग जन्मला १८६५ साली मुंबईत, जे. जे. कला विद्यालयाच्या आवारात. वडील तिथं शिकवत. मुंबईत जन्मलेल्या माणसाला विदर्भाची माहिती नसते ही परंपरा तेव्हापासूनची असावी, कारण शिवनीचं जंगल त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल नावाच्या एका गोऱ्या अधिकाऱ्यानं शिवनीत नोकरी केली होती आणि सातपुड्यातल्या मुक्कामांवर १८७७ साली पुस्तक लिहिलं होतं. किपलिंगनं ते वाचलं आणि त्यावर आपलं जंगल उभं केलं. तेही कुठं बसून? अमेरिकेत, व्हरमाँट राज्यात, १८९२ च्या हिवाळ्यात, घराबाहेर बर्फ साचलेलं असताना. मे महिन्यात आमच्या इथं पारा पंचेचाळीसवर जातो, कूलरच्या टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. त्या मुलखाची गोष्ट या गृहस्थानं शेकोटीला पाय लावून लिहिली!

नावाचंही तसंच. मोगली म्हणजे बेडूक, असं पुस्तकात आहे. पुढं किपलिंगनंच खुलासा केला की नाव आपण मनानं रचलं, आपल्याला येणाऱ्या कुठल्याही भाषेत त्याचा अर्थ बेडूक होत नाही. शिवाय त्याचा उच्चार म्हणे 'माउगली' असा करायचा. आता उशीर झाला. आमच्या गल्लीत एका पोट्ट्याला गेली तीस वर्षं 'मोगली' म्हणतात. त्याचं टक्कल पडलं, तरी म्हणतात.

पण या माणसानं एक गोष्ट अशी लिहून ठेवली की बँकेच्या माणसानं त्याला नमस्कार करावा. लांडग्यांची सभा भरते. माणसाचं पिल्लू कळपात घ्यायचं की नाही यावर वाद होतो. तेव्हा जंगलचा कायदा वाचून दाखवला जातो : पिल्लाच्या हक्काबद्दल तंटा असेल, तर कळपाच्या सभेत किमान दोघांनी त्याच्यासाठी बोललं पाहिजे, आणि ते दोघं त्याचे आईबाप असता कामा नयेत. वाचून मी खुर्चीतून उठलोच. हा तर आमचा नियम! पहिला बोलतो बल्लू अस्वल, पिल्लांना कायदा शिकवणारा मास्तर. दुसरा बगीरा, काळा बिबट्या. त्याला त्या सभेत बोलायचा अधिकारच नाही. तो अदबीनं परवानगी मागतो आणि म्हणतो की, मी नुकताच एक धष्टपुष्ट बैल मारलाय, तो या पोराच्या मोबदल्यात कळपाला दिला. एक शब्दाचा जामीनदार आणि एक तारणासकट. प्रकरण जागेवर मंजूर.

गंमत म्हणजे मोगलीवरची किपलिंगची सगळ्यात पहिली गोष्ट याच्या आधीची, १८९३ ची. तीत मोगली मोठा झालेला आहे आणि जंगल खात्याचा एक जर्मन बडा साहेब त्याला सरकारी नोकरीत घेतो. वनरक्षकाची नोकरी, शेवटी पेन्शन! मुलाखत नाही, पोलीस चौकशी नाही. म्हणजे लेखकाला आधीपासून ठाऊक होतं की पोरगं शेवटी पेन्शनीच्या नोकरीला लागणार. बालपणाची धम्माल त्यानं नंतर लिहिली. आपण सगळे आपलं बालपण असंच, नोकरीला लागल्यावर, मागे वळून लिहितो.

हे पुस्तक त्यानं कोणासाठी लिहिलं होतं तेही कळलेलं आहे. त्याच व्हरमाँटच्या हिवाळ्यात त्याला पहिली मुलगी झाली, जोसेफिन. मे १८९४ मध्ये एका प्रतीवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं की ही प्रत जोसेफिनची आणि हे पुस्तक तिच्या बापानं तिच्यासाठी लिहिलेलं आहे. ती मुलगी १८९९ साली, सहाव्या वर्षी, न्युमोनियानं गेली. साम्राज्याची तळी उचलणारा म्हणून किपलिंगशी आपलं भांडण आहे आणि ते राहील. पण ही नोंद वाचल्यावर मी काही वेळ भांडलो नाही.

आता सिनेमा. डिस्नेनं आपल्या माणसांना बोलावलं आणि कथा लिहिणाऱ्या लॅरी क्लेमन्सला पुस्तक देऊन बजावलं की पहिली गोष्ट म्हणजे हे वाचायचं नाही! पुस्तक न वाचता पेपर लिहिण्याची ही पद्धत आमच्या कॉमर्सवाल्यांचीच असं मी आजवर समजत होतो. आधी बिल पीट या जुन्या कथाकारानं पुस्तकाला धरून गंभीर मसुदा केला होता. डिस्नेला तो फार काळोखी वाटला, वाद झाला आणि पीट स्टुडिओ सोडून गेला.

मग काय विचारता! वानरांचा राजा म्हणून ओरांगउटान आणला. हा प्राणी सुमात्रा-बोर्निओचा. मध्य प्रांतात आला तो कोणत्या गाडीनं कोण जाणे. पुस्तकात मोगलीचा जीव वाचवणारा अजगर इथं त्यालाच गिळायला टपलेला. हत्तींचा म्होरक्या इंग्रज कर्नल होऊन परेड घेतो. चार गिधाडं बीटल्सच्या केसांची. आणि सगळ्यात मोठी अफरातफर म्हणजे, दोन्ही जामीनदारांची खाती एकमेकांत बदलली. पुस्तकातला बल्लू कडक मास्तर, प्रसंगी चापट मारणारा. बगीरा लाडावून ठेवणारा. सिनेमात बल्लू ऐदी, गाणं म्हणत पाठ खाजवणारा. आणि बगीरा घड्याळ लावल्यासारखा शिस्तीचा. बल्लूचं काम खरं तर छोटंसं होतं. पण फिल हॅरिस या बँडवाल्या कलाकाराचा आवाज ऐकून डिस्नेनं ते वाढवत नेलं. हॅरिसही समोरचा कागद बाजूला ठेवून आपल्याच ढंगात बोलत गेला.

सिनेमा १८ ऑक्टोबर १९६७ ला लागला. डिस्ने १५ डिसेंबर १९६६ लाच गेला होता. त्यानं जातीनं लक्ष घातलेल्या शेवटच्या काही चित्रपटांतला हा एक, आणि पूर्ण झालेला त्यानं पाहिला नाही.

मी स्वतः मोगलीला पहिल्यांदा भेटलो तो या सिनेमात नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जपान्यांनी केलेली मालिका लागत असे. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांची चाल, आणि त्या गाण्यात मोगलीच्या चड्डीला मिळालेला मान आजवर कोणत्याही राष्ट्रीय नेत्याच्या टोपीला मिळालेला नाही. शेर खानाला आवाज नाना पाटेकरांचा. त्यामुळं आम्ही पोरं मनातून थोडी शेर खानाच्याच बाजूची होतो. तो टीव्ही बाबांनी सोसायटीच्या कर्जातून घेतला होता आणि त्या कर्जाला त्यांच्या ऑफिसातले दोघं जामीन राहिले होते, हे मला कितीतरी वर्षांनी बाबांच्या ट्रंकेतल्या कागदांत सापडलं. डिस्नेचा सिनेमा त्यानंतर शेजारच्यांकडे, भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला. शेवट मुळीच आवडला नाही. एवढं जंगल सोडून हा येडा एका पोरीच्या मागं गावात जाते म्हणजे काय? असं आम्हा सगळ्यांचं मत पडलं.

२०१६ साली नवा सिनेमा आला. भारतात ८ एप्रिलला, अमेरिकेच्याही एक आठवडा आधी. कन्या तेव्हा आठ वर्षांची. पाहून आली ती जंगलात जायचंच म्हणून बसली. त्या सिनेमाचं चित्रीकरण लॉस एंजेलिस शहराच्या भर वस्तीत झालं, असं शेवटी पडद्यावर लिहून येतं. आमचं मात्र खरं जंगल दोन तासांवर. तेव्हा पेंचला गेलो, सिल्लारीच्या फाटकातून. पेंचचं जंगलही दोन राज्यांत वाटलेलं. आपल्याकडचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, तिकडचं १९८३ चं. वाघ सकाळी एका राज्यात शिकार करतो आणि दुपारी दुसऱ्या राज्यात झोपतो. त्याला प्रवासभत्ता मिळत नाही एवढंच.

आम्हाला चितळ दिसले, सांबर दिसलं, वानरं दिसली आणि वाघ काल संध्याकाळी नेमका जिथं बसला होता ती जागा दिसली. मुलीनं गाइडला विचारलं, "काका, बल्लू कुठं राहतो?" गाइड तिथल्याच गावचा, पोक्त माणूस. तो गंभीरपणे म्हणाला, "बेटा, अस्वल लय खराब जनावर आहे. वाघ तरी रस्ता देते माणसाले. अस्वल नाही देत. मोहफुलं वेचाले गेलेल्या बाया त्याले जास्त भेतात." मुलगी परतीच्या वाटेवर गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना बल्लू माहीतच नाही, बाबा." मी म्हटलं, "त्यांनाच माहीत आहे." तिला ते तेव्हा पटलं नाही.

तर परवा रात्री आम्ही तिघं तो जुना सिनेमा बघायला बसलो. अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा. आणि माझ्या प्रथमच लक्षात आलं की यात कथानक असं एकच आहे : पोराला गावापर्यंत पोचवणं. शेर खान परत आला आहे, पोर इथं राहणं धोक्याचं आहे, आणि टोपलीतलं हे बाळ ज्याला सापडलं होतं तो बगीरा ठरवतो की याला माणसांत नेऊन सोडायचं. पोराला जायचं नाही. बल्लूला तर पाठवायचंच नाही. बगीरा चिडतो, समजावतो, वैतागून निघून जातो आणि दर खेपेला परत येतो. लहानपणी मला तो अतिशय कंटाळवाणा प्राणी वाटला होता. आता मी पाहिलं, तर तो माझ्यासारखाच गाडीची वेळ सारखी सांगत होता.

मग तो शेवट. नदीवर पाणी भरायला आलेली पोर. तिची घागर पडते (पाडते, हे आता कळलं), मोगली ती उचलतो, मागं वळून दोघांकडे पाहतो, खांदे उडवतो आणि हसत तिच्या मागं जातो. सिनेमा तिथं संपत नाही. कॅमेरा मोगलीबरोबर गावात जातच नाही. तो मागं राहिलेल्या दोघांबरोबर जंगलात परततो. लहानपणी ही शेवटची दोन मिनिटं मी पाहिलीच नव्हती. तोवर आम्ही उठून चपला शोधत असू. पहिल्यांदा पाहताना प्रत्येकजण मोगली असतो. पुन्हा पाहायची वेळ येते तोवर तो मागं राहणाऱ्यांपैकी झालेला असतो. एकाच तिकिटात दोन सिनेमे. जर्मनीत काय आणि जरीपटक्यात काय, माणूस आपल्या पोराला घेऊन पुन्हा जातो तो यामुळं, असा माझा निष्कर्ष आहे. चूकभूल देणे-घेणे.

सिनेमानं एक गोष्ट गाळली, ती मी मुलगी झोपल्यावर पुस्तकात पुन्हा काढून वाचली. मोगली सतराएक वर्षांचा झाला आहे. जंगल सोडायचं ठरतं. बल्लू म्हातारा, आंधळा झाला आहे. बगीरा उशिरा येतो, कारण वाटेत त्यानं आणखी एक बैल मारला आहे. पहिल्या बैलानं मोगली कळपात आला होता. या दुसऱ्या बैलानं तो मोकळा झाला. सगळी देणी फिटली, असं बगीरा त्याला सांगतो. बावीस वर्षांत मी कर्जदाराच्या नावानं शिव्या देणारे जामीनदार पाहिले, पत्ता बदलून पळालेले पाहिले. कर्जदाराला न विचारता त्याचं शेवटचं देणंही स्वतः भरणारा आणि वर 'तू आमचं काही लागत नाहीस' असं सांगून त्याला वाट दाखवणारा जामीनदार माझ्या काउंटरवर कधी आला नाही. ट्रंकेतले कागद आठवले. आला असेलही. तो अशा कामाला बँकेत येत नसावा.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पुण्याच्या गाडीत बसवलं. गाडी हलली. तिनं खिडकीतून हात केला, खांदे उडवल्यासारखं काहीतरी केलं आणि समोर बसलेल्या मुलीशी बोलायला लागली.

आम्ही दोघं स्टेशनातून बाहेर आलो. रिक्षा न करता सीताबर्डीच्या दिशेनं चालत निघालो. सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्या दोघांत बल्लू कोण आणि बगीरा कोण हो?"

मी म्हटलं, "सिनेमाप्रमाणे की पुस्तकाप्रमाणे?"

"तिला रोज पाचला उठवलं कोणी?"

"तू."

"आणि क्लास बुडवून सिनेमाला नेलं कोणी?"

"मी. पण कर्जाच्या कागदावर सही माझी आहे. बैल माझा आहे."

"मी पण केली आहे सही," ती म्हणाली. "दोन ठिकाणी."

हे खरं होतं. फॉर्म मीच भरून आणला होता आणि फुलीच्या खुणा करून तिच्यापुढं धरला होता. मग आम्ही पुलाशेजारच्या टपरीवर दोन चहा घेतले. पैसे तिनं दिले.